मॅट कोट मारला की पँथर पांढरा पडतो: पावसाळ्यात हमखास येणारी अडचण

जुलैचा तिसरा आठवडा होता. चिपळूणहून भाच्याचा फोन आला. "मामा, माझा पँथर गेला रे. रात्री मॅट मारला तेव्हा झकास दिसत होता, सकाळी उठून बघतो तर अख्ख्या गाडीवर पांढरी साय." पँथर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा, त्याचं दोन महिने खपून केलेलं प्लॅस्टिकचं मॉडेल. मॅट म्हणजे रंगाची चमक घालवणारं वरचं वार्निश. मी एवढंच म्हटलं, "पुसू नकोस, पाणी लावू नकोस, वरून दुसरा कोट तर अजिबात मारू नकोस. आहे तसा घेऊन ये." रविवारी तो बुटांच्या खोक्यात, जुन्या बनियनच्या चिंध्यांत गुंडाळलेला पँथर मांडीवर घेऊन डोंबिवलीला आला.

ही तक्रार जून ते सप्टेंबरमध्ये दरवर्षी दोन-तीन जणांकडून तरी माझ्या कानावर येते. सुरुवातीची काही वर्षं ती माझीही होती. यावर जो तो एकच उपाय सांगतो, वरून ग्लॉस, म्हणजे चमकदार वार्निश मार, जाईल. कधी जातं, कधी जात नाही, कधी होतं त्याहून बिघडतं. कारण पांढरं पडणं हा एकच दोष नाही. चार वेगवेगळे दोष डोळ्यांना सारखेच पांढरे दिसतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की मॉडेल हातचं जातं. भाच्याच्या पँथरवर चारही दोष एकदम हजर होते, म्हणून त्याच गाडीवरून सांगतो.

गाडी होती पँथर ऑस्फ. जी, म्हणजे पँथरची जी आवृत्ती, १/३५ मापातली. खरा पँथर नळीसकट ८.६६ मीटर लांब, म्हणजे मॉडेल जेमतेम २५ सेंटीमीटर. त्याने मुद्दाम १९४४ च्या शरदातली गाडी निवडली होती, कारण त्या सप्टेंबरमध्ये जर्मनांनी झिमेरिट लावणं बंद केलं. झिमेरिट म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून चिलखतावर थापायचा खडबडीत लेप. तो नसल्यामुळे पँथरच्या बाजू सपाट, गुळगुळीत राहतात. दिसायला सुंदर, पण वार्निशमधला बारीकसा दोषही अशा सपाट भिंतीवर लपत नाही.

रंग नेहमीचे तीन. तळाला डुंकेलगेल्ब, म्हणजे गडद पिवळा, आणि वर तांबूस तपकिरी व ऑलिव्ह हिरव्याचे पट्टे. तामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या रंगांच्या बाटल्यांत हे अनुक्रमे एक्सएफ-६०, एक्सएफ-६४ आणि एक्सएफ-६१. फेब्रुवारी १९४३ च्या आदेशानंतर जर्मन रणगाडे कारखान्यातून राखाडीऐवजी पिवळ्या रंगात बाहेर पडू लागले. तपकिरी आणि हिरवा रंग दाट लगद्याच्या रूपात डब्यांतून तुकड्यांकडे जायचा. सैनिक तो पाण्यात नाहीतर पेट्रोलमध्ये कालवून फवारायचे किंवा ब्रशने फासायचे. पाण्यात कालवलेला रंग पावसात टिकत नसे. ओलावा आणि रंग यांचं वैर खऱ्या गाड्यांनाही चुकलेलं नव्हतं.

आधी बघा, मग हात लावा

खोलीतला दिवा बंद केला आणि मोबाइलचा टॉर्च मॉडेलला जवळजवळ टेकवून तिरपा धरला. समोरून प्रकाश टाकला तर सगळं सारखंच धुरकट दिसतं. तिरप्या उजेडात फरक कळतो. नजर आधी तपकिरी पट्ट्यांवर न्यायची. पिवळ्या रंगावर पांढरेपणा खपून जातो, तपकिरीवर लगेच उघडा पडतो.

इंजिनावरच्या सपाट झाकणावर आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दुधाळ, एकसारखा पडदा होता. बोट फिरवलं तर गुळगुळीत. हवेच्या जाळ्यांच्या कडेला, बिजागऱ्यांच्या खाचांत आणि तोफेच्या ढालीखाली मात्र पांढरं जरा पिठूळ होतं, खवखवीत लागत होतं. टरेटवरच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावरच्या आकड्यांभोवती आणि बाल्कनक्रॉइत्सच्या, म्हणजे जर्मन क्रॉसच्या कडेला चंदेरी झाक होती, एका कोनातून दिसायची आणि मान जरा हलवली की नाहीशी व्हायची. खालच्या हलवर, म्हणजे रणगाड्याच्या धडावर, चाकांच्या मागे, राखाडी-पांढरे डाग होते. नकाशातल्या बेटांसारखे, कडा स्पष्ट असलेले.

मग कोरडा इअरबड घेतला. प्रत्येक जागी हलकेच तीन-चार वेळा फिरवला. बिजागऱ्यांपाशी कापसावर पांढरी भुकटी आली, बाकी तीन ठिकाणी काही आलं नाही. म्हणजे एका जागी पांढरं थराच्या वर बसलेलं आणि तीन जागी थराच्या आत किंवा खाली अडकलेलं. या तपासणीला पाच मिनिटं लागतात. ती न करता कुठलीही बाटली उघडू नका.

दुधाळ पडदा: हवेतलं पाणी

मुख्य दोषी हाच. मॅट वार्निशचा लॅकर स्प्रे किंवा लॅकर थिनरमध्ये पातळ केलेलं वार्निश पृष्ठभागावर पडतं तेव्हा त्यातला थिनर झपाट्याने उडतो. उडताना तो पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातो. हातावर स्पिरिट लावलं की गार लागतं, तेच इथे होतं. पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली गेला की हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते, ओल्या वार्निशमध्ये शिरते आणि वार्निश सुकताना आत सूक्ष्म पोकळ्या सोडून जाते. त्या पोकळ्यांवर उजेड विखुरतो आणि आपल्याला साय दिसते.

आता आकडे बघा, म्हणजे पावसाळ्यात हे का टळत नाही ते कळेल. खोलीत २८ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण साडेएकोणीस अंशांवर असतो. पृष्ठभागाला आठ-साडेआठ अंश गार व्हायला वाव आहे. तेच २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या आसपास येतो. म्हणजे फक्त तीन अंशांचा फरक. स्प्रेच्या डब्यातून निघणारा फवारा आतल्या द्रवरूप वायूची वाफ झाल्यामुळे आधीच गार असतो, त्यात थिनर उडतो. तीन अंश कुठल्या कुठे जातात.

भाच्याने मॅट मारला होता रात्री दहाला, वासासाठी खिडकी सताड उघडी ठेवून, बाहेर संततधार. त्याचा हात चांगला आहे. कोट एकसारखा होता, अंतर बरोबर होतं. वेळ चुकली.

लाकडी फर्निचरला लॅकर पॉलिश करणाऱ्या कारागिरांना हे पक्कं ठाऊक असतं. आमच्याकडे कपाटाचं काम चाललं होतं तेव्हा कारागीर ऐन पावसाच्या दिवशी ब्रश ठेवून बसला होता. मी विचारलं तर म्हणाला, "आज मारलं तर पांढरं पडणार साहेब. मारायचंच असेल तर रिटार्डर घालावा लागेल." मला जे कळायला तीन मॉडेलं लागली ते त्याने एका वाक्यात सांगितलं. रिटार्डर म्हणजे सावकाश उडणारा द्रव. थिनर हळू उडाला की पृष्ठभाग तेवढा गार पडत नाही आणि आत शिरलेल्या पाण्यालाही बाहेर पडायला सवड मिळते.

याच कारणाने हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर पावसाळ्यात मॉडेलसाठी वापरू नये. तो फार लवकर उडतो आणि प्लॅस्टिकलाही खातो. एअरब्रश, म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारणारं पेन, धुवायला ठीक आहे.

आता दुरुस्ती. हलकी साय असेल तर आधी काहीच करू नका, दोन दिवस कोरड्या डब्यात ठेवा. माझ्याकडे झाकण घट्ट बसणारा मोठा प्लॅस्टिकचा डबा आहे, तळाला नारिंगी सिलिका जेलच्या पुड्या. जेल हिरवं पडलं की जुन्या तव्यावर मंद आचेवर परतून घेतो. स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी वापरायचं नाही. नुकत्याच आलेल्या सायीचा काही भाग असाच उतरतो.

उरलेल्यासाठी वार्निश पुन्हा ओलं करावं लागतं. हे फक्त लॅकर वार्निशला चालतं. लेव्हलिंग थिनरमध्ये आधीच रिटार्डर असतो. तोच नुसता, रंग न घालता, एअरब्रशमधून १५ पीएसआयच्या आसपास दाब ठेवून पंधरा-वीस सेंटीमीटरवरून धुक्यासारखा मारायचा. पृष्ठभाग चार-पाच सेकंद ओलसर चमकला पाहिजे, ओघळ येता कामा नये. थर विरघळतो, आतलं पाणी निघून जातं आणि थर नव्याने बसतो. आधी हलच्या पोटाखाली, न दिसणाऱ्या जागी करून बघा. खाली तामियाचा ॲक्रिलिक रंग असेल तर तोही याच थिनरमध्ये विरघळतो, म्हणून एक जास्तीचा हात फिरला तर हिरव्याची कड पिवळ्यात मिसळलीच समजा.

वार्निश पाण्याचं ॲक्रिलिक असेल तर थिनरच्या नादी लागू नका. तिथे ग्लॉसचा पातळ हात देऊन पोकळ्या भरायच्या, पुरता सुकू द्यायचा आणि कोरड्या दिवशी पुन्हा मॅट मारायचा. "वरून ग्लॉस मार" हा सल्ला खरा ठरतो तो इथे.

भाच्याच्या गाडीवर आम्ही दुपारी एक वाजता काम केलं. एसी ड्राय मोडवर तासभर चालवला, आर्द्रता ५७ पर्यंत उतरली. मॉडेल हेअर ड्रायरने लांबून कोमट केलं. कोमट म्हणजे गालाला लावलं तर सुखद वाटेल एवढंच, कारण पॉलिस्टायरीन जास्त गरम झालं की नळी वाकते. मग थिनरचं पहिलं धुकं डाव्या भिंतीवर. तपकिरी पट्टा क्षणभर काळाभोर झाला, मग कडेकडून सुकत आला आणि सुकल्यावरही तपकिरीच राहिला. भाचा श्वास रोखून बघत होता, मीही.

बंद खोलीत लॅकर थिनर फवारायचा तर सेंद्रिय वाफांसाठीची कार्ट्रिज असलेला मास्क हवाच, साधा कापडी मास्क काही कामाचा नाही. बूथचा, म्हणजे फवारणीच्या खोक्याचा, वाफ बाहेर टाकणारा पंखा चालू ठेवा. बाहेरची दमट हवा आत येतेच, म्हणून फवारणी एक-दोन मिनिटांत उरकून पंखा बंद करायचा आणि मॉडेल लगेच डब्यात ठेवायचं. आणि घरात कुठेही उघडी ज्योत नको. देवघरातलं निरांजनसुद्धा आधी शांत होऊ द्या, वाफ शेजारच्या खोलीत सहज जाते.

काँप्रेसर वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साचतं आणि पाइपमधून थेंबाथेंबाने एअरब्रशमध्ये येतं. त्याचे डाग सायीसारखे पसरत नाहीत, मोहरीएवढे गोल उमटतात. टाकीचा खालचा नळ रोज उघडून पाणी काढा आणि पाइपवर वॉटर ट्रॅप बसवा. पावसाळ्यात एका बैठकीनंतर माझ्या लहान टाकीतून चमचाभर पाणी सहज निघतं.

पिठूळ पांढरं: मॅटची भुकटी

वार्निश मॅट होतं ते त्यातल्या सिलिकाच्या बारीक भुकटीमुळे. बाटली किंवा डबा नीट हलवला नाही तर सुरुवातीला नुसता द्रव येतो आणि शेवटी भुकटीच भुकटी. कोट जाड पडला तर ती खाचांत वाहून साचते. डबा दोन मिनिटं, घड्याळ लावून हलवा. आतली गोळी वाजायला लागल्यापासूनची दोन मिनिटं.

उपाय सोपा आहे. कडक केसांचा छोटा ब्रश कोरडाच घेऊन खाचा झाडायच्या, मग टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओला केलेला ब्रश फिरवायचा. टर्पेंटाइन लावलं की पांढरं नाहीसं झाल्यासारखं वाटतं, सुकल्यावर परत येतं, म्हणून पंधरा मिनिटं थांबून मगच काय ते ठरवा. जे राहील ते गडद तपकिरी ऑइल पेंटच्या टिपक्याने झाकलं जातं. बिजागऱ्यांत तशीही सावली हवीच असते.

खालच्या हलवरची बेटं: न सुकलेला वॉश

वॉश म्हणजे खाचा गडद करायला मॉडेलवर लावायचा पातळ रंग. इथे मी भाच्याला खोदून खोदून विचारलं. "वॉश कशात पातळ केलास?" जरा थांबून म्हणाला, "घासलेटमध्ये. आजीकडे होतं." आणि मॅट कधी मारलास? दुसऱ्या दिवशी रात्री.

घासलेट सावकाश उडतं आणि मागे तेलकट अंश ठेवतं, पावसाळ्यात तर हात लावला की दोन दिवसांनीही बुळबुळीत लागतं. त्यावर वार्निश मारलं की ते धड चिकटत नाही. वरचा थर आधी आवळतो, खालचा द्रव अडकतो आणि मग जमेल तिथून वाट काढतो. त्याचेच हे डाग. वॉश हार्डवेअरच्या दुकानातल्या स्वच्छ टर्पेंटाइनमध्येच पातळ करावा. त्यातही एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून बघा. सुकल्यावर पिवळा डाग राहिला तर ती बाटली ब्रश धुवायला ठेवा.

दुसरी चूक अशी की वॉश थेट मॅट रंगावर लावला होता. मॅट पृष्ठभाग टीपकागदासारखा द्रव ओढून घेतो. खाचेत राहायचं ते पसरतं आणि जिथे थांबतं तिथे चहाच्या कपाच्या डागासारखी कड उमटते. आधी ग्लॉस किंवा निदान सॅटिनचा (अर्धवट चमकीचा) थर द्यावा, तो एक दिवस सुकू द्यावा, मग वॉश. त्यावर वॉश खाचेतून आपोआप धावतो आणि जास्तीचा पुसताही येतो.

पँथरच्या चाकांबद्दल वेगळं सांगायला हवं. चाकं एकमेकांत गुंतलेली, प्रत्येक बाजूला आठ जोड्या, त्यामुळे वॉश आत जाऊन बसतो आणि आठवडाभर सुकत नाही. शिवाय चाकांचे दांडे घट्ट बसवलेले असतात, प्लॅस्टिकवर ताण असतो. अशा ताणलेल्या, रंग न लागलेल्या प्लॅस्टिकमध्ये टर्पेंटाइन झिरपलं की दांडा तडकतो. भाच्याचा एक तडकला होताच, उजवीकडचा तिसरा. चाकं सुटी असतानाच रंगवा, वॉश द्या, पुरती सुकवा, मग लावा.

ऑइल पेंट वापरत असाल तर त्यातलं जवसाचं तेल आधी काढा. पुठ्ठ्यावर ट्यूबमधून थोडा रंग पिळून तासभर ठेवला की पुठ्ठा तेल पिऊन टाकतो. मी कॅमलची बर्न्ट अंबर वापरतो. अंबर मातीतला रंग, त्यातल्या मँगनीजमुळे तो लवकर सुकतो. पांढरा तसा नाही. तो पावसाळ्यात आठवडा खातो, आणि धुळीची छटा करायला नेमका पांढराच मिसळला जातो. घाई तिथेच नडते.

ही बेटं काढता येतील का? प्रयत्न केला तर थोडीफार येतील, पण माझं मत स्पष्ट आहे: काढत बसू नका. मॅटचा थर वर, त्याखाली अडकलेलं तेल. वरून काहीही लावलं तरी ते तेलापर्यंत एकसारखं पोचत नाही. आम्ही गाडी आठ दिवस डब्यात ठेवायचं ठरवलं, आणि त्यानंतर खालच्या हलवर एक्सएफ-६० चा नवा हात. तो भाग चिखलाखालीच जायचा आहे.

टरेटवरची चंदेरी झाक

हे मॅटमुळे झालेलं नाही, मॅटने फक्त उघडं केलं. खडबडीत रंगावर डिकॅल, म्हणजे आकडे-खुणांचं पाण्यात भिजवून लावायचं पातळ चित्र, लावलं की खाली हवेचे कण राहतात, तेच चमकतात. डिकॅल नेहमी ग्लॉसवर लावावं. आता लागलेल्यासाठी बारीक सुईने पाच-सहा टोचे मारून त्यावर मायक्रो सोलचा, म्हणजे डिकॅल मऊ करणाऱ्या द्रवाचा, थेंब सोडायचा, अर्धा तास हात लावायचा नाही, लागलं तर पुन्हा एकदा. वर मॅट असल्यामुळे टोचे जरा जास्त लागतात. भाच्याच्या तीन आकड्यांपैकी दोन सुधारले. तिसऱ्याच्या कडेला पिवळ्या रंगाचा बारीक टिपका देऊन भागवलं.

दुरुस्तीचा क्रम

गाडीवर एकापेक्षा जास्त दोष असतील तर क्रम चुकवू नका. आधी भुकटी झाडायची, कारण ती तशीच ठेवून थिनर मारला तर भुकटी थरात कायमची बसते. मग डिकॅल, कारण मायक्रो सोल पुन्हा ओल्या केलेल्या ताज्या थरावर सुरकुत्या पाडतं. त्यानंतर साय. आणि नव्याने रंगवायचं ते सगळ्यात शेवटी.

असू दे ना, वेदरिंगच आहे

वेदरिंग म्हणजे मॉडेलवर मुद्दाम आणलेला जुनेपणा. साय आल्यावर बरेच जण म्हणतात की राहू दे, धुळीने माखलेला रणगाडा दिसतोय. मला हे पटत नाही. धूळ आडव्या पृष्ठभागांवर बसते, कोपऱ्यांत साचते, उभ्या भिंतीवरून पावसाने ओघळते, माणसांचे हात-पाय लागतात तिथून पुसली जाते. साय मात्र छप्पर, भिंत आणि टरेटच्या पोटाखालचा भाग सगळीकडे सारखीच येते. नजरेला ते खोटं वाटतं, भले कारण सांगता येऊ नये.

जमलं तर दिवाळीच्या सुमारास नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला जाऊन या. रणगाडे उघड्यावर उभे असतात, पावसाळा नुकताच झालेला असतो. मी तिथे एका ब्रिटिश रणगाड्यासमोर अर्धा तास फक्त ओघळ बघत उभा होतो. प्रत्येक ओघळ कुठल्या तरी बोल्टपासून, बिजागरीपासून, कडीपासून सुरू होत होता. मोकळ्या पत्र्याच्या मध्यावर एकही ओघळ जन्माला येत नाही. दुसरं म्हणजे गंज. तिथल्या गाड्या कित्येक वर्षं पाऊस झेलत उभ्या आहेत, तरी रंग आहे तोवर गंज फक्त कडांना. १९४४ च्या शरदातला पँथर कारखान्यातून निघाल्यावर बहुतेक वेळा काही आठवडे-महिनेच तगायचा. त्याला गंजाने खायला वेळच मिळत नव्हता. खरचटा पडला तर खालून प्रायमरचा तांबडा दिसावा किंवा गडद पोलादी, आणि तोही लहान. मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा टिपका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटीमीटरची जखम.

म्हणून धूळ हवी असेल तर ती धूळ म्हणूनच करा. मॅट पूर्ण सुकल्यावर पिग्मेंटची भुकटी कोरडीच, चाकांवर, मडगार्डवर, झाकणांच्या कोपऱ्यांत टाका. टर्पेंटाइनच्या एका थेंबाने ती जागेवर धरते. त्यावर पुन्हा मॅट मारायचा नाही, भुकटी ओली होऊन गडद पडते आणि केलेलं सगळं पुसलं जातं.

पावसाळ्यात काम थांबवायचं नसेल तर

स्वस्तातला डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि कामाच्या टेबलावरच ठेवा. माझा नियम असा की आकडा ७० च्या वर असेल तर लॅकर वार्निशला हात लावायचा नाही. त्या दिवशी ट्रॅक (चाकांभोवतीचे पट्टे) जोडा, डिकॅल कापून ठेवा, चाकांच्या रबरी कडा रंगवा. थांबणं शक्यच नसेल तर पाण्याचं मॅट वार्निश ब्रशने किंवा एअरब्रशने, पातळ हातांनी द्या. त्याला सुकायला वेळ लागतो, पण सहसा अशी साय धरत नाही.

स्प्रे मारायचाच असेल तर दुपारी मारा, मॉडेल कोमट करून. डबाही पाच मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा. कोमट म्हणजे अंघोळीच्या पाण्याहून गार. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात चुकूनही नाही, डबा फुटतो.

आणि मॉडेलच्या आधी चमचा. प्लॅस्टिकच्या चमच्याची पाठ एक्सएफ-६४ ने रंगवून ठेवा, असे दहा-बारा. ज्या दिवशी मॅट मारायचा त्या दिवशी आधी एका चमच्यावर मारा आणि अर्धा तास थांबा. तपकिरी तपकिरीच राहिला तर पुढे जा.

भाचा परत जाताना बुटांच्या खोक्यात पँथर, सिलिका जेलच्या चार पुड्या आणि माझ्याकडचा जुना आर्द्रतामापक घेऊन गेला. दहा दिवसांनी त्याचा फोटो आला. टेबलावर चमचा, शेजारी मापक, त्यावर ८८ टक्के. चमच्याच्या पाठीवर साय धरलेली. मागे डब्याच्या पारदर्शक भिंतीआड पँथर तसाच कोरडा बसलेला, खालचा हल अजून न रंगवलेला.